ओडिनचं आजोळ

देवांचा राजा ओडिन नऊ रात्री झाडाला लटकला. स्वतःच्याच भाल्याने घायाळ, पोटात अन्न नाही, घोटभर पाणी नाही. शेवटी रून नावाच्या जादुई अक्षरांचं गुपित हाती लागलं आणि तो किंकाळी फोडत खाली पडला. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, पुराणकथांची दोन पानं वाचलेल्यालाही ही गोष्ट माहीत असते. तिची चित्रं निघतात, लोक ती अंगावर गोंदवून घेतात. पण ती ज्या 'हावामाल' नावाच्या जुन्या कवितेत आहे, तिथे लगेच पुढच्याच कडव्यात ओडिन आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती फारशी कुणी सांगत नाही. तो म्हणतो, नऊ प्रभावी मंत्रगीतं मी शिकलो ती बेस्टलाचा बाप बोल्थोर, त्याच्या नामांकित मुलाकडून. बेस्टला म्हणजे ओडिनची आई. म्हणजे हा नामांकित मुलगा ओडिनचा मामा झाला.

आणि बोल्थोर होता दैत्य.

मामा म्हटलं की आपले कान टवकारतात. आपल्याकडे चांदोबाही मामाच आणि कंस-शकुनीही मामाच. ओडिनचा मामा यांपैकी कुठल्या वळणाचा होता, हे कविता सांगत नाही. त्याचं नावसुद्धा देत नाही. पण देवांचा राजा आपली विद्या आजोळाहून घेऊन आला आणि ते आजोळ हिमदैत्यांच्या कुळातलं होतं, एवढं स्वच्छ आहे. देवांचं ज्यांच्याशी हाडवैर म्हणून जगभर सांगितलं जातं, तेच हे हिमदैत्य. चित्रपटांनी त्यांना निळी कातडी आणि लाल डोळे दिले. जुन्या कवितांमध्ये ते शेजारी आहेत, यजमान आहेत, व्याही आहेत आणि खोदत गेलं तर रक्ताचे आहेत. आपल्या पुराणांत देव आणि दैत्य सावत्र भाऊ. कश्यप एक, आया दोन. ती भाऊबंदकी समजते, कारण भावाभावांत वाटणीचं तरी कारण असतं. आजोळ बुडवायला निघालेल्या माणसाचं काय करायचं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. म्हणून मी या कथांकडे पुन्हा पुन्हा जाते.

आरंभाची कथा सर्वांत सविस्तर सांगितली ती स्नोर्री स्टुर्लुसन या आइसलँडच्या माणसाने, 1220च्या आसपास. आरंभी गिन्नुंगागाप नावाची आ वासलेली पोकळी होती. तिच्या उत्तरेला धुकं आणि गारठा, दक्षिणेला मुस्पेल नावाचा आगीचा मुलूख. उत्तरेकडून एलिवागार नावाच्या नद्या निघाल्या. त्यांच्या पाण्यात विष होतं. उगमापासून लांब आल्यावर ते विष थिजलं. भट्टीतून वाहणारा लोखंडाचा कीट थिजतो तसं, असं स्नोर्री म्हणतो. त्याचा बर्फ झाला, बर्फावर दवाचे थर गोठत गेले आणि पोकळी उत्तरेकडून भरत आली. दक्षिणेची ऊब त्या थरांना लागली, थेंब ठिबकू लागले आणि त्या थेंबांतून एक देह उभा राहिला. तो इमिर, पहिला हिमदैत्य.

इमिर काय करतो? झोपतो. झोपेत त्याला घाम येतो, डाव्या काखेखाली एक पुरुष आणि एक स्त्री जन्मतात, आणि एका पायाला दुसऱ्या पायापासून मुलगा होतो. औधुम्ला नावाची गाय असते. तिच्या आचळांतून दुधाच्या चार नद्या वाहतात आणि त्यावर इमिर जगतो. गाय काय खाते, तर गोठलेले खारट दगड चाटते. चाटता चाटता पहिल्या संध्याकाळी दगडातून माणसाचे केस वर येतात, दुसऱ्या दिवशी डोकं, तिसऱ्या दिवशी अख्खा माणूस. तो बुरी. त्याचा मुलगा बोर. बोरने बेस्टलाशी लग्न केलं आणि त्यांना ओडिन, विली आणि वे असे तीन मुलगे झाले. आईकडून तर देव दैत्यांचे आहेतच. बापाकडून पाहिलं तरी त्याच बर्फातून निघालेले, त्याच गाईने चाटून मोकळे केलेले. सगळ्यांचं मूळ एकच गारठा.

मग हे तिघे भाऊ इमिरला मारतात.

का मारतात? स्नोर्रीच्या ग्रंथात प्रश्न विचारणारा राजा विचारतो की इमिर देव होता का. उत्तर येतं, मुळीच नाही, तो दुष्ट होता आणि त्याचं सगळं कुळ दुष्ट, त्यांनाच आम्ही हिमदैत्य म्हणतो. बस्स. पण त्याच ग्रंथात इमिरच्या नावावर घाम येणं, दूध पिणं आणि झोपणं याखेरीज एकही कृत्य नोंदलेलं नाही. कोर्टात उभं राहील असं हे आरोपपत्र नव्हे. त्याच्या जखमांतून इतकं रक्त वाहिलं की त्यात हिमदैत्यांचं सगळं कूळ बुडालं. एक बेर्गेल्मिर तेवढा बायकोला घेऊन लाकडाच्या कशावर तरी चढून वाचला. तिघा भावांनी इमिरचा देह ओढत पोकळीच्या मधोमध नेला आणि त्यातून जग केलं. मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, दातांचे दगडगोटे, कवटीचं आकाश, मेंदूचे ढग. आकाश पडू नये म्हणून चार कोपऱ्यांत चार बुटके उभे केले. त्यांची नावं उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. आणि मृताच्या पापण्यांचं कुंपण घालून माणसांसाठी वस्ती केली. कुंपण कशासाठी? तर दैत्यांपासून रक्षण व्हावं म्हणून.

इथे आपल्याला पुरुषसूक्त आठवणारच. पुरुषाच्या मस्तकापासून द्युलोक, नाभीपासून अंतरिक्ष, पायांपासून भूमी, डोळ्यापासून सूर्य. या दोन कथांचं मूळ एकच असावं, असं तौलनिक पुराणकथांचे अभ्यासक फार पूर्वीपासून मांडत आले आहेत. माझं लक्ष मात्र दोन्हींतल्या फरकाकडे जातं. ऋग्वेदात देव यज्ञ करतात; पुरुष हा त्या यज्ञाचा पशू आहे, त्याचं अर्पण होतं आणि सूक्तभर एक मंगल सूर आहे. सूड घ्यायला मागे कुणी उरत नाही, कारण पुरुषाचे नातेवाईकच नाहीत. इमिरचे होते. नॉर्स कथांमधला पुढचा सगळा ताण या एका फरकातून निघतो. देव ज्या जमिनीवर चालतात तो कुणाचा तरी पणजोबा आहे, आणि कुंपणापलीकडे राहणाऱ्यांना ते ठाऊक आहे.

स्नोर्री हे लिहीत होता तेव्हा आइसलँड ख्रिस्ती होऊन दोनशेहून अधिक वर्षं झाली होती. तो स्वतः ख्रिस्ती, मोठा जमीनदार, कायदेपंडित आणि राजकारणी. पश्चिम आइसलँडमध्ये रेकहोल्ट इथे त्याचं घर होतं. तिथलं गरम पाण्याचं, दगडांनी बांधलेलं गोल कुंड त्याच्या नावाने आजही दाखवतात. त्या खोऱ्याच्या पूर्वेला ओक नावाचा जुना ज्वालामुखी डोंगर आहे, त्यापलीकडे लांगयोकुल ही अवाढव्य हिमटोपी, आणि ईशान्येला लाव्हाच्या पठारात एक लांबलचक गुहा आहे, सुर्ट या अग्निदैत्याच्या नावाची. पायाखाली वाफ आणि क्षितिजावर बर्फ असलेल्या माणसाने आरंभ असा सांगितला, याचं मला नवल वाटत नाही.

त्या ओक डोंगरावरची हिमनदी 1901च्या नकाशात सुमारे 38 चौरस किलोमीटर होती. 2014मध्ये आइसलँडच्या हिमनदीतज्ज्ञांनी तिला हिमनद्यांच्या यादीतून काढलं. हिमनदी जिवंत असण्याची खूण म्हणजे तिने स्वतःच्या वजनाने सरकत राहणं, आणि ओकवरचा उरलेला बर्फ जागचा हलेनासा झाला होता. 2019च्या ऑगस्टमध्ये लोक डोंगर चढून गेले आणि तिच्या नावाची धातूची पाटी तिथल्या दगडावर बसवून आले. स्मशानात नावाची शिळा बसवतात तशी. बर्फाला घाम येणारा देह देणाऱ्या लोकांचे वंशज ते. बर्फाच्या मृत्यूची तारीख लिहिणं त्यांना आपल्याइतकं विचित्र वाटलं नसेल.

स्नोर्रीचा स्वतःचा शेवट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नॉर्वेच्या राजाशी त्याचं बिनसलं आणि 23 सप्टेंबर 1241च्या रात्री रेकहोल्टच्या तळघरात त्याला मारलं गेलं. मारेकऱ्यांना घेऊन आलेला गिस्सुर हा एकेकाळी त्याचा जावई होता. तो काळच आइसलँडमध्ये सोयऱ्याधायऱ्यांनी एकमेकांची घरं जाळण्याचा. लग्नं जुळवून वैर मिटवायचं आणि मग त्या लग्नांतूनच नवं वैर उभं राहायचं, हे स्नोर्रीने आयुष्यभर पाहिलं, केलं आणि भोगलं. हिमदैत्यांच्या कथांमध्ये लग्नांच्या इतक्या वाटाघाटी का, याचं थोडंसं उत्तर मला त्या तळघरात सापडतं.

कारण या कथा खरोखर बघण्याच्या कार्यक्रमांनी भरल्या आहेत. फरक इतकाच की व्यवहार एकतर्फी आहे. देवांना दैत्यकन्या चालतात. फ्रेयर हा देव दुरून गेर्डला पाहतो. ती दार उघडायला हात वर करते आणि तिच्या दंडांच्या तेजाने आकाश आणि समुद्र उजळतात. (हे वर्णन दैत्यिणीचं आहे, लक्षात घ्या.) तिला मिळवण्यासाठी तो आपली तलवार देऊन टाकतो. त्याचा दूत तिला आधी सोन्याची सफरचंदं देऊ करतो, आणि ती नाही म्हणते तेव्हा शापांची इतकी घाणेरडी सरबत्ती करतो की ती शेवटी हो म्हणते. ओडिनचा मुलगा थॉर, त्याची आई योर्ड, म्हणजे धरती, तीही त्याच कुळातली. ओडिन गुन्लोड या दैत्यकन्येजवळ तीन रात्री राहतो, काव्याचं मद्य पिऊन पसार होतो, आणि हावामालमध्ये वर विचारलं जातं की ओडिनने अंगठीवर हात ठेवून शपथ घेतली होती, आता त्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवायचा? गुन्लोडला रडत ठेवून तो गेला. कविता ही लाज लपवत नाही, म्हणून मला ती आवडते.

उलट बाजूने मागणी आली की मात्र मुडदा पडतो. देवनगरीची तटबंदी बांधणारा गवंडी मजुरी म्हणून फ्रेया देवीला मागतो. तो दैत्य निघतो, मारला जातो. ह्रुंगनिर नावाचा दैत्य पिऊन बरळतो की फ्रेया आणि थॉरची बायको सिफ यांना घरी नेईन, मारला जातो. थ्रिम नावाचा दैत्य थॉरचा हातोडा चोरून जमिनीखाली पुरतो आणि म्हणतो, फ्रेया बायको म्हणून आणा, मग देतो.

थ्रिमची कविता मराठीत पोवाड्यासारखी रंगेल. फ्रेया इतकी संतापते की तिच्या गळ्यातला हार तुटून पडतो. मग ठरतं की थॉरलाच नवरी करून पाठवायचं. लाल दाढीचा तो रांगडा देव वधूचा पोशाख चढवतो, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकवतो, आणि देवांमधला खोडकर लोकी पाठराखीण होऊन सोबत जातो. लग्नाच्या पंगतीत नवरी एक अख्खा बैल आणि आठ रावस फस्त करते. थ्रिम चक्रावतो. पाठराखीण सांगते, तुमच्या ओढीने आठ रात्री पोटात काही घेतलं नाही हो तिने. तो मुका घ्यायला पदराखाली डोकावतो तर डोळे निखाऱ्यासारखे. आठ रात्री झोपसुद्धा नाही, पाठराखीण म्हणते. शेवटी हातोडा नवरीच्या मांडीवर येतो आणि मंडपात कुणी जिवंत राहत नाही. थ्रिमची बहीण तेवढी आहेराच्या अंगठ्या मागायला आली होती, तिलाही हातोड्याचाच आहेर. आपण हसतो. पण कवीने थ्रिमला सुरुवातीला कसा दाखवला आहे? टेकडीवर बसून कुत्र्यांसाठी सोन्याचे पट्टे विणणारा, घोड्यांची आयाळ सारखी करणारा. सोन्याच्या शिंगांच्या गाई आहेत, दागदागिने आहेत, फक्त फ्रेयाची उणीव आहे, असं तो म्हणतो. मला तर तो सुखवस्तू, जरा भोळसट विधुर वाटतो.

स्काडीची गोष्ट या सगळ्यांत वेगळी. तिचा बाप थ्यात्सी याला देवांनी मारलं. कारण होतं, त्याने इदुन देवीला पळवलं होतं. पण स्काडी रडत बसली नाही. शिरस्त्राण, चिलखत, शस्त्रं घेऊन ती एकटी देवनगरीच्या दारात उभी राहिली. आणि एरवी हातोडा उगारणारे देव तडजोडीला आले. ठरलं असं की तिने देवांमधून नवरा निवडावा, मात्र फक्त पावलं बघून. सर्वांत देखणी पावलं ओडिनचा मुलगा बाल्डर याचीच असणार, अशा हिशेबाने तिने निवड केली आणि निघाला न्योर्ड, समुद्राचा देव. दुसरी अट तिचीच: मला हसवून दाखवा. ते काम लोकीने केलं. त्याने बोकडाच्या दाढीला दोरी बांधली आणि तिचं दुसरं टोक आपल्या अशा जागी बांधलं की ओढाताणीत दोघेही केकाटू लागले. लोकी तिच्या मांडीवर कोसळला आणि ती हसली. मग ओडिनने तिच्या बापाचे डोळे आकाशात फेकून त्यांचे दोन तारे केले.

संसार टिकला नाही. न्योर्डला डोंगरातल्या नऊ रात्री सोसवेनात. लांडग्यांचं ओरडणं त्याला हंसांच्या गाण्यापुढे भेसूर वाटलं. स्काडीला समुद्रकाठी पहाटे पहाटे समुद्रपक्षी झोपू देईनात. कुणीच दुष्ट नाही, फक्त हवामान जुळत नाही. ती बापाच्या घरी परतली आणि पायाला बर्फावरच्या फळ्या बांधून, धनुष्य घेऊन शिकार करत राहिली. आणि तरी स्नोर्री तिला देवींमध्ये गणतो. माहेरी परतलेली दैत्यकन्या, आणि देवीपण काढून घेतलेलं नाही. अख्ख्या वाङ्मयात मला एवढा एकच सन्मानाने झालेला व्यवहार दिसतो, आणि त्यासाठी तिला चिलखत घालून यावं लागलं.

आजोळाकडे देव आणखी एका कारणासाठी जात राहतात: जुनं माहीत असणारे तिथेच आहेत. जगाचा आरंभ-अंत सांगणारी भविष्यवादिनी आपल्या निवेदनाच्या सुरुवातीलाच म्हणते की फार पूर्वी जन्मलेल्या दैत्यांनी मला वाढवलं, ते मला आठवतात. वाफ्थ्रुद्निर नावाच्या विद्वान दैत्याकडे ओडिन वेश बदलून जातो. बायको फ्रिग म्हणते, घरी राहा, त्याच्याइतका बलवान दैत्य दुसरा नाही. हा जातोच. दैत्य त्याला आसन देतो, मग डोकं पणाला लावून दोघांचे प्रश्नोत्तर सुरू होतात. तुझी सर्वांत जुनी आठवण कोणती, ओडिन विचारतो. दैत्य म्हणतो, बेर्गेल्मिरला त्या लाकडावर ठेवलं, ते आठवतं. महापुराची, आपल्या कुळाच्या नाशाची आठवण तो मारेकऱ्यालाच सांगत असतो, न ओळखता. शेवटी ओडिन विचारतो: बाल्डरला चितेवर ठेवण्याआधी ओडिन त्याच्या कानात काय म्हणाला? हे ओडिनशिवाय कुणाला माहीत असणार? दैत्य ओळखतो, हार मानतो. पाहुणा होऊन जायचं आणि असा प्रश्न विचारून यजमानाचं डोकं जिंकायचं, याला ज्ञान म्हणायचं असेल तर म्हणा.

थंडी या कथांमध्ये फार काळ नुसती थंडी राहत नाही, पण कधी कधी राहते, आणि ते तुकडे फार चांगले आहेत. ह्युमिर दैत्य शिकारीहून घरी येतो तेव्हा त्याच्या दाढीचं रान गोठलेलं असतं आणि हिमकाड्या खणखणतात. थॉर औरवांदिल नावाच्या माणसाला टोपलीत घालून एलिवागार नद्या पार करतो. टोपलीबाहेर राहिलेलं त्याच्या पायाचं एक बोट गोठतं, थॉर ते मोडून आकाशात भिरकावतो आणि त्याचा तारा होतो. हिमदंशाने बोट काळं पडलेलं पाहिलेल्यांनीच ही गोष्ट रचली असणार. प्रलयाआधी येणारा महाहिवाळाही तसाच. सलग तीन हिवाळे, मध्ये उन्हाळाच नाही. इसवी सन 536मध्ये एका प्रचंड ज्वालामुखीच्या उद्रेकाने उत्तर गोलार्धातला सूर्य फिकट पडला, काही वर्षांत आणखी एक मोठा उद्रेक झाला. झाडांच्या वर्तुळांत ते थंड उन्हाळे उमटलेले आहेत, आणि स्कँडिनेव्हियातल्या कितीतरी वस्त्या त्या शतकात ओस पडल्या. महाहिवाळ्याची कल्पना त्या आठवणीतून आली, असं काही पुरातत्त्वज्ञ मानतात. मला ते पटतं.

एक गंमत मात्र आहे. हिमदैत्य प्रलयाच्या युद्धाला येतात, ह्रिम पूर्वेकडून ढाल पुढे धरून येतो, पण जग संपवण्याचं काम त्यांच्याकडे नाही. ते सुर्ट करतो, दक्षिणेच्या आगीने. ज्या बर्फाची देवांनी जन्मभर धास्ती घेतली त्याने शेवट होतच नाही.

आणि नंतर कोण उरतं, हेही वाफ्थ्रुद्निरनेच ओडिनला सांगून ठेवलं आहे: ओडिनला लांडगा गिळेल, आणि आग विझल्यावर देवांच्या घरात राहतील ओडिनचे मुलगे विदार आणि वाली, थॉरचे मुलगे मोदी आणि माग्नी. आता यांच्या आया पाहा. बापाचा सूड घेणारा, लांडग्याचा जबडा फाडणारा विदार हा ग्रीद नावाच्या दैत्यिणीचा मुलगा. हीच ग्रीद, जिने एकदा थॉरला आपला पट्टा, लोखंडी हातमोजे आणि काठी देऊन दुसऱ्या दैत्यापासून वाचवलं होतं. थॉरचा हातोडा ज्याच्याकडे जाणार त्या माग्नीची आई यार्नसाक्सा, तीही दैत्यीणच.

हा माग्नी कथेत पहिल्यांदा येतो तो ह्रुंगनिरच्या वधानंतर. मेलेल्या ह्रुंगनिरचा पाय थॉरच्या मानेवर पडलेला असतो आणि सगळे देव मिळूनही तो हलवू शकत नाहीत. तीन रात्रींचं वय असलेला माग्नी येतो, पाय उचलून बाजूला टाकतो आणि म्हणतो, बाबा, मला यायला उशीर झाला, नाहीतर याला मी नुसत्या मुठीनेच मारला असता. थॉर खूश होऊन ह्रुंगनिरचा सोनेरी आयाळीचा घोडा त्याला देऊन टाकतो. त्यावर ओडिन कुरकुरतो. एवढा उमदा घोडा दैत्यिणीच्या पोराला दिलास, तो बापाला द्यायचा होता, असं थॉरला ऐकवतो. हे बोलताना त्याला बेस्टला आठवली नसावी.